दुसरी खुंटी

मैदानावर चुना मारायचा तर पहाटे सहालाच,
पर्वतीच्या मागून ऊन दत्तवाडीत उतरायच्या आत.
नंतर नुसती चकाकी, रेघ डोळ्याला लागत नाही.

सरळ रेघेला दोन माणसं आणि ताणलेली सुतळी पुरते.
वळणाला मधोमध खुंटी लागते.
गाडी घेऊन मी निघतो तो नाकासमोरच.
बावीस वर्षांत एकदाही, शपथेवर सांगतो,
वळायचं म्हणून वळलो नाही.
पाऊल सरळ टाकतो, सुतळी जरा आत घेते.
पुन्हा सरळ. पुन्हा आत.
मागे वळून बघावं तर गोल झालेला असतो.

एकदा ती तुटली, कालव्याच्या अंगाला.
पोरं म्हणाली, गाडी बाहेर फेकली गेली.
कोण फेकणार?
जात होती तशीच गेली,
जांभळीच्या बुंध्यापर्यंत पांढरा पट्टा.
त्या चुन्याचे पैसे माझ्या पगारातून गेले.

विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी देवस्थळी मॅडम आल्या.
म्हणाल्या, बुधाची वाट आखा. गोल नको, किंचित लांबट.
घुल्यांची पोर डबा उघडून पायरीवर बसलेली.
"पण वर सुतळी कुठाय?"
"ओढ आहे," मॅडम म्हणाल्या, "गाठ मारलेली नाही एवढंच.
तो सूर्याकडे पडतोच आहे, सारखा.
पण पडता पडता इतका पुढे सरकतो
की सूर्य हुकतो."
पोरीचा घास हातातच राहिला.
"दर वेळी हुकतो?"
"दर वेळी."

लांबट वाटेला खुंट्या दोन.
एकीवर सूर्य, म्हणजे सातवी ब ने पिवळा रंगवलेला तेलाचा डबा.
दुसरीवर काय ठेवू, विचारलं.
"काही नाही. तिथं काहीच नसतं."

इब्राहिमभाई धरायचा ते टोक.
खुंटीवर टाच रोवून, विझलेली बिडी ओठात,
"ढील दे रे, ढील दे" करत.
गेल्या रमजानच्या आठवडाभर आधी गेला.
खुंटी मी एकट्यानेच ठोकली, दगडाने.

सुतळीचा फास दोन्ही खुंट्यांवर टाकून निघालो.
मॅडम छत्रीखालून ओरडल्या,
"डब्याजवळ भराभर चाला,
दूरच्या टोकाला हळू! तो तसाच जातो."

तर दूरच्या टोकाला,
त्या रिकाम्या खुंटीच्या बाजूने जाताना,
मी फार हळू गेलो.
पोरीला वाटलं, चुना संपत आला.