११२

गुहेत शिरण्याआधी दादाबे लेझाफी
रमचा पहिला घोट जमिनीला पाजतात.
पूर्वजांना सांगतात, ही पोरं चोर नाहीत,
रक्त घेतील, पण थेंबच,
आणि ज्याचं त्याला परत सोडतील.
प्राध्यापक घड्याळ बघतात.
आमच्या परवानगीच्या अर्जात
इतकं सरळ वाक्य एकही नाही.

मग अंधार पडतो, म्हणजे आतून बाहेर येतो,
चुनखडीच्या तोंडातून, हजार पंखांनी.
जाळं थरथरतं.
न्जाका एकेक वटवाघूळ सोडवून
कापडी पिशवीत घालतो, पिशवी दोरीला टांगतो.
दोरीभर चिडलेले मोजे.

एकशे बारा. मादी. नऊ ग्रॅम.
चहात मी याहून जास्त साखर घालते.
पंख दिव्यापुढे धरला की शीर दिसते,
केळीच्या कोवळ्या पानातल्या रेषेसारखी.
सुई टेकते. मोहरीएवढा थेंब.
काचपट्टीवर तो एका दमात ओढायचा,
हात अडखळला
तर रक्त गोठतं आणि काही सांगत नाही.
कापूस दाबते, साखरपाणी पाजते.
ती मला चावते.
बरोबरच आहे.

तिच्या लवेतून एक माशी पळते, बिनपंखी, कोळ्यासारखी,
उडणाऱ्याच्या अंगावर राहून उडणंच विसरलेली.
न्जाका चिमट्याने तिला अल्कोहोलमध्ये सोडतो.
‘ही त्यांची टॅक्सी-ब्रूस,’ म्हणतो,
‘टपावरसुद्धा माणसं.’

रात्री शाळेची खोली. जनरेटर खोकतो.
फळ्यावर कुणाचे तरी अर्धे पाढे.
गीम्साचा जांभळा रंग, चाळीस मिनिटं,
मग तेलाचा थेंब, शंभराचं भिंग,
आणि मी पेशी निवडत बसते, तांदूळ निवडावेत तशी.
खडा लागतो पहाटे दोनला:
गोल, निळसर, पेशीत काठोकाठ भरलेला,
आत चिमूटभर तपकीर उधळल्यासारखे
सोनेरी कण.
तू.

तुझ्याच कुळातल्या कुणीतरी माझे वडील नेले.
चार गोधड्यांखाली त्यांचे दात वाजत होते
आणि बाहेर पत्र्यावर मिरच्या वाळत होत्या.
तुझा राग यायला हवा होता.
पण एकशे बारा तर ठणठणीत उडाली,
पोटात पिल्लू, रक्तात तू,
आणि माझ्या हातमोज्यावर तिच्या दातांचे चार ठिपके.

सहा महिन्यांनी अंतानानारिव्होहून निरोप:
जनुकाची अक्षरं कुणाशीच जुळत नाहीत.
नवी जात.
‘नवी?’ दादाबे म्हणाले,
‘ते आमच्या आजोबांच्याही आधीचे. नवे तुम्ही.’

नावावरून बैठक झाली.
प्राध्यापकांच्या मनात त्यांचे गुरू होते,
कुणी देणगीदार सुचवला.
दादाबे म्हणाले, जे पोर जगावं वाटतं
त्याला आम्ही घाण नाव ठेवतो. उकिरडा. शेण.
मरण मग त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.
सगळे हसले.

मी नाही.
माझं घरातलं नाव शेण आहे.
वडिलांनीच ठेवलं होतं.
त्यांचं स्वतःचं नाव फार सुंदर होतं.

अजून काही ठरलेलं नाही.
काचपट्टीच्या दुधी कडेवर
पेन्सिलीने मी लिहिलेलं तेवढंच आहे:
११२. मादी. गाभण. चावते.