माप

अंबडच्या कारखान्यात सात वर्षं मी व्हर्नियर धरलाय.
बेअरिंगची रिंग पॉइंट झिरो दोनच्या आत,
नाहीतर लाल ट्रे.
हातांना सवय: बसत नसेल
तर वस्तूत खोट.

तिसऱ्या दिवशी, पहाटे तीनला,
सिडकोतल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
मी माझीच छाती लाल ट्रेत टाकली.

ती झोपते. पिवळसर, मऊ,
मनगटाला पट्टी: बेबी ऑफ वृषाली आहेर.
दोनदा चोखते, मग ओठ मिटून
आपल्या जुन्या पाण्यात परत जाते.
आणि चोखते तेव्हा अशी, की माझ्या
पायाची बोटं चादर धरतात.
चीर पडलीय. आरशात नाही बघितली,
कपड्याला कळते.

पडद्यापलीकडे पेठची मंजुळा गावित, तिचं तिसरं.
त्याचे घोट ऐकू येतात, गट्‌क, गट्‌क,
नळाला पाणी आलेल्या घरासारखे.
माझे हंडे अजून रांगेत.

सासूबाई सटाण्याहून आल्या.
डब्यात हळिवाची खीर, पिशवीत मधाची बाटली.
"हिच्या अंगावर येतच नाही गं," फोनवर कुणाला तरी,
हळू आवाजात, म्हणजे
अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या.

रात्रपाळीला शरणपूरच्या मार्था सिस्टर.
"मध तुम्ही चहात घ्या, आजी. हिला वर्षभर नको."
मग माझी बोटं धरून
आधी मागे, बरगडीकडे, मग अलगद एकत्र.
पिळायचं नाही. थांबायचं. पुन्हा.
वाटीच्या तळाला एक थेंब आला,
हळदीच्या दुधावरच्या सायीसारखा.

"किती एमएल?"
"चमचाभर होईल."
"चमचा म्हणजे किती?"
सिस्टर हसल्या. "संक्रांतीचं बोर बघितलंस ना?
तेवढं तिचं पोट. बोरात किती मावणार, बाई?"

तेव्हा सासूबाईंनी पिशवीच्या तळातून
बोंडलं काढलं. चांदीचं, कडेला चेपलेलं,
माझ्या नवऱ्याने कधीतरी भिंतीवर मारलेलं.
"उकळून आणते," म्हणाल्या, आणि गेल्या.
मधाबद्दल पुन्हा चकार शब्द नाही.

थेंब थेंब पाजलं. तळवे चोळून उठवलं.
अंगडं काढून उघडी माझ्या उघड्या अंगावर ठेवली,
वरून घोंगडी; बाहेर जानेवारी,
खिडकीच्या काचेला धुकं.
"तू वाकू नकोस, तिला आण.
जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत वाट बघ.
हनुवटी आधी टेकू दे.
दुखलं तर ओढायचं नाही, करंगळी
ओठाच्या कोपऱ्यातून आत, सोडव, पुन्हा लाव."
चिरेवर माझंच दूध, दोन थेंब, वाऱ्यावर वाळू दे.

पुन्हा. पुन्हा.
आमच्या लाइनला पुन्हा नसतं.

चौथ्या रात्री छाती दगड झाली,
गरम पंचाचा शेक, जरा मोकळं करून घेतलं,
मी रडले, तीही.
मग दोघी दमलो.
उशांवर रेलून मी डोळे मिटले,
ती पोटावर पालथी, आणि माप घ्यायचं राहूनच गेलं.

डोकं हललं तिचं. इकडे. तिकडे.
नाकाने चाचपडत, धक्के खात,
कुणी न शिकवता ती आली
आणि तोंड भरून धरलं.
टोचलं, मग टोचायचं थांबलं.
खाली हायवेवर एक ट्रक पांडवलेण्याकडे गेला.
त्याचा आवाज विरल्यावर:
गट्‌क.
थांबणं. गट्‌क.

मी श्वाससुद्धा जपून घेतला.

उजवीकडे अजून भांडण आहे.
दोरीवरचे ओले लंगोट सासूबाई मोजतात,
काल तीन होते, आज पाच, पोरीपेक्षा
लंगोटांचं कौतुक जास्त.
पण त्या रात्री, त्या दुसऱ्या घोटानंतर,
पडद्यामागून मंजुळा झोपेतच बोलली,
"लागली का?"
मला वाटलं होतं तिला काही ऐकू येत नसेल.
"लागली," मी म्हटलं.
"मग झोप आता तूपण," ती म्हणाली,
आणि तिचा नळ पुन्हा सुरू झाला.