आठ नाणी, एक अंगठा

क्रेमनित्सा. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार.
बंबखान्याच्या माडीवर हीटर टकटकतोय,
खिडकीच्या काचेवर बर्फाची साय,
आणि आम्ही सातजण टेबलावर वाकलेले,
बाळाचं पहिलं आंघोळपाणी पाहावं तसे.
मधे यंदाचा संच. निळा पुठ्ठा, आठ खळगे, आठ नाणी.

आधी बोलायचं नाही, असा रिवाज.
दिवा डावीकडून. मग उजवीकडून.
वेन्डेलिन भिंग डोळ्यात असं बसवतो
जसं ते जन्मापासून तिथंच होतं.
"पाच सेंट. डोंगराचं टोक बोथट."
"साचा दमला असेल."
"साचे नाही दमत. माणसं दमतात,"
ब्लाझेना म्हणते. एकतीस वर्षं टांकसाळीचा हिशेब लिहिला तिनं
आणि घरात एक नाणं जमवलं नाही.

मी वहीत उतरवतो. चिटणीस मीच,
अक्षर बरं म्हणून.
वीस सेंट : किल्ल्याच्या भिंतीला ओरखडा,
पापणीच्या केसाएवढा.
पन्नास : कड स्वच्छ. झळाळी गेल्या सालाहून उणी.
(गेल्या सालीही आम्ही हेच लिहिलं होतं.)

माझे वडील दुकानाच्या फळीवर नाणं टाकायचे
आणि मान कलती करून ऐकायचे.
खणकन आलं तर गल्ल्यात,
बद्द आलं तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे.
वाजवून घ्यायचं, मग माणूस असो की चांदी.
आता सगळं प्लास्टिकच्या पोटात, हवाबंद.
ऐकणार काय? नुसतं बघायचं,
आणि बघून बघून डोळ्यांना खोड लागते
फक्त डाग दिसण्याची.

मग दोन युरो.
आरसपानी पाटी, त्यावर दुहेरी क्रूस,
आणि क्रूसाच्या डाव्या अंगाला
अंगठा.
अख्खा. वळणावळणाचा. झाकणाच्या आत.

"आरशाचे पैसे घेतात आणि हाताळलेला आरसा देतात!"
वेन्डेलिनचं भिंग डोळ्यातून निसटून टेबलावर नाचलं.
कुणी म्हणालं परत पाठवा, कुणी म्हणालं तक्रार ठोका,
कुणी हातमोज्यांचा भाव काढला.
ब्लाझेना म्हणाली, "कुणीतरी अंगठा उठवलाय. पगार घेतला असेल."
कोणी हसलं नाही.

इम्रिखनं भिंग मागितलं.
साचे घासून निवृत्त झालेला माणूस, बोटं अजून काळपट.
फार वेळ बघत राहिला.
ठशाच्या मधोमध एक तिरकी शिवण होती,
जुन्या जखमेची, रेघांना रेघा न जुळलेली.

ती जखम मीही बघितली आहे.
बेकरीत, सुटे पैसे मोजताना.
त्याची येला. सात वर्षांची असताना
बापाच्या चाकूनं सफरचंद सोलायला गेली होती.
गेल्या शरदापासून टांकसाळीत, पॅकिंगला.

इम्रिखनं भिंग पुसलं, शेजाऱ्याकडे सरकवलं.
"हा संच मी ठेवतो," म्हणाला,
आणि पूर्ण किंमत मोजली, चुरगळलेल्या नोटांत.
वेन्डेलिन काहीतरी विचारणार होता.
ब्लाझेनानं टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट ठेवला.

मी लिहिलं : दोन युरो.
पुढची जागा कोरी सोडली.
"कोरं चालत नाही," वेन्डेलिन म्हणाला, "नियम आहे."
नियम आहे खरा. मीच केलेला.
हीटर दोनदा टकटकला.

मग लिहिलं :
आवाज तपासला नाही.