‘आधी’ नावाचा फोल्डर

पियानोवरून ती डबी पडली.
पडली म्हणजे मीच पाडली, कोपराने,
लाकडी जमिनीवर, फार उंचावरूनही नाही.
पडताना आवाज विशेष झाला नाही.
आवाज नंतर सुरू झाला:
टक्, टक्, टक्, एक उसासा,
मग पुन्हा टक्.

एकेचाळीस वर्षं मी प्लोवदिवमधले पियानो सुरात लावतोय.
ऐकून आजार सांगतो:
हातोडीचा नमदा झिजलाय,
पट्टीखाली पोराने नाणं घातलंय,
तक्त्याला बारीक चीर गेलीय.
या आवाजाला मात्र नाव देता येईना.
एवढंच कळलं, की आत कुणीतरी
स्वतःच्या घराचं दार शोधतंय
आणि दर वेळी भिंतीवर आपटतंय.

मेहुणा म्हणाला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव,
कुणाची तरी अशीच बरी झाली होती.
ठेवली. भाजलेल्या मिरच्यांच्या शेजारी,
दोन पिशव्यांत गुंडाळून, आजाऱ्यासारखी.
सकाळी तिला घाम फुटला होता
आणि आता उसासाही नव्हता.

सोफियातल्या दुकानातली योआना, माझ्या नातीच्या वयाची.
फ्रीझर म्हटल्यावर तिने डोळे मिटून घेतले.
“दुसरी प्रत?”
मी खिडकीतून जाणारी ट्राम बघत राहिलो.
“बरं,” म्हणाली, आणि फॉर्म पुढे सरकवला.
आत काय होतं, असा एक रकाना होता.
मी लिहिलं, पियानो. दोन हजार तीनशेच्या वर.

हात लावायच्या आधी एकदा, साधी सरगम, खालपासून वरपर्यंत.
काम संपल्यावर तीच, पुन्हा.
दोन फोल्डर: ‘आधी’ आणि ‘नंतर’.
पैशांचा हिशेब सगळे मागतात.
सुरांचा कुणी मागितला नव्हता,
मीच ठेवत गेलो.

पाच आठवडे. मग योआनाचा फोन.
जुन्या संगणकावरून मी गेल्या हिवाळ्यात सगळं उतरवलं होतं,
एक फोल्डर संपल्यावर दुसरा.
पहिला जवळजवळ अख्खा हाती लागला.
दुसरा जिथे होता, तिथे तबकडी खरवडली गेलीय,
“काही उरलं नाही हो तिथे, नुसती भुकटी.”
“म्हणजे मी गेलो होतो याचा पुरावा आहे,” मी म्हणालो,
“काम केलं याचा नाही.”
ती हसली, मग घाईघाईने माफी मागितली.

आता रात्री ऐकतो.
उतरलेले, भांडणारे, दमट खोल्यांतले सूर,
मारित्साच्या पुरात पाय भिजलेला एक,
उंदरांनी घर केलेला एक.
आणि त्यांच्या मागे, जे मी तेव्हा कधी ऐकलंच नाही:
किटलीची शिट्टी,
गॅसच्या बिलावरून चाललेला वाद,
एक मूल आईला विचारतंय, हे डॉक्टर आहेत का?
‘नंतर’च्या वेळी सगळे चर्चमध्ये उभं राहिल्यासारखे गप्प व्हायचे.
‘आधी’ माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं,
घर चालू होतं.

दोन नव्या ड्राइव्ह आणल्यात. एक माझ्या कपाटात,
दुसरी मेहुण्याकडे. त्याला बजावलंय,
कुठेही ठेव, फ्रीझर सोडून.

एक फाइल मात्र मी पुन्हा पुन्हा लावतो.
तंबाखूच्या जुन्या गोदामांमागची गल्ली, तिसरा मजला.
व्हेर्गिनियाबाई गेल्या. त्यांचा पियानो
जिन्यात वळेना म्हणून कापून खाली नेला म्हणे.
मधला ‘ला’ पाव सुराने उतरलेला, थरथरतोय,
खिशातल्या किल्लीकडे माझा हात जातो, परत येतो.
आणि सरगम सुरू व्हायच्या आधी, दाराकडून, त्यांचा आवाज:
“बूट राहू द्या हो पायात,
फरशी गार आहे.”

मी अनवाणी बसलोय.
पाय वर घेतो.