छत्तीस

ग्वांगहुआच्या पाचव्या मजल्यावर, लिफ्टला लागून,
फांगबाईंचं दुकान, जेमतेम पलंगाएवढं.
योउ-त्सेननं काउंटरवर कागद उलगडला:
प्रोसेसर ठरलाय, बोर्ड ठरलाय,
मेमरी तेवढी राहिली. चार पट्ट्या द्या,
अठ्ठेचाळीसच्या चार.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
‘दोन घे.’
‘खाचा चार आहेत.’
‘तोंडात दात बत्तीस आहेत,
म्हणून एका घासात बत्तीस शेंगा कोंबतोस का?’
(चिनीत त्या नेमकं काय म्हणाल्या देव जाणे,
मला ऐकू आलं ते असं.)

मग बोर्डाच्या कंपनीची यादी निघाली,
बारीक अक्षरांची, सव्वीस पानी,
कोण कुणाजवळ नांदतं त्याची.
बोटाला थुंकी लावून बाई पानं उलटत गेल्या.
ही नको, उंच आहे, पंख्याच्या पोटात शिरेल.
ही नको, यादीत आहे, पण मला आवडत नाही.
ही चालेल. काळी, बुटकी, दिवेबिवे नाहीत.
डबीवर छापलेलं: सहा हजार,
छत्तीस-चव्वेचाळीस-चव्वेचाळीस-शहाण्णव.

मी हसलो. योउ-त्सेननं विचारलं, काय झालं?
कसं सांगायचं, की आमच्याकडे
छत्तीस गुण जुळले की सनई वाजते,
आणि छत्तीसचा आकडा असला
की दोघं एका पंगतीला बसत नाहीत,
३ आणि ६, पाठीला पाठ लावून.
म्हटलं, चांगला आकडा आहे.

शेवटी त्यानं चारच घेतल्या.
दोन डब्या, एकच नाव, एकच रंग.
बाईंनी दोन्ही उलट्या करून दाखवल्या:
ही मार्चमधली, ही ऑगस्टमधली.
आडनाव एक, घरं दोन.
त्यानं पैसे मोजले. त्यांनी पावती फाडली, शिक्का मारला,
शिक्क्याखाली पेनानं स्वतःचा नंबर लिहिला.

बान्च्याओच्या खोलीत रात्री साडेअकराला
आम्ही बटण दाबलं.
पंखे फिरले. पडदा काळा.
बोर्डावर एक पिवळा ठिपका पेटून राहिला.
पहिल्या खेपेला मेमरी स्वतःलाच शिकवून घेते म्हणे,
कुठल्या क्षणी काय झेलायचं ते.
थांबायचं असतं. हात लावायचा नसतो.
आम्ही नूडल्स केल्या. खाल्ल्या.
कधी नव्हे ते त्यानं भांडी घासली.
ठिपका तसाच.
चाळीस मिनिटांनी पडदा उजळला
आणि कोपऱ्यात वेग उमटला: छत्तीसशे.
सहा हजारांचे पैसे, छत्तीसशेची चाल.
हातानं वाढवायला गेलो, तर पुन्हा काळोख.
या वेळी मी हसलो नाही.

दोनच्या सुमाराला दोन पट्ट्या उपटल्या.
राहिल्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत,
बाईंनी न विचारता सांगितलं होतं तशा.
पिवळा ठिपका. चार मिनिटं. विझला.
सहा हजार.

मग पडद्यावर एक लाकडी डोकं आलं,
हुवेईला त्याच्या वडिलांनी कोरलेल्या बाहुलीचं,
मूठभर, भुवया अजून रंगवायच्या.
नऊ कोटी ठिपके एका दमात वळले,
डावा कान, टाळू, उजवा कान,
कुठेही अडखळले नाहीत.
जबड्याखाली छिन्नीची एक चूक दिसली.
वडील ती रंगाखाली दडवणार असतील.

सकाळी म्हाताऱ्याचा फोन.
बंद केल्यावर लक्षात राहतं का त्याला?
नाही बाबा. वीज गेली की कोरं.
मग एवढे पैसे कशाचे?
योउ-त्सेन बराच वेळ गप्प.
हातात धरून ठेवायचे, म्हणाला. काम चालू असताना.
पलीकडून टक, टक आलं.
फोन बहुतेक खांद्यात धरला होता त्यांनी.

उरलेली जोडी परत घ्यायला बाई तयार नाहीत.
टेबलाच्या खणात आहे, चंदेरी पिशवीत,
ऑगस्टमधली. कुणाला हवी असेल तर सांगा,
पण आधी बोर्ड कोणता, ते.