जॉर्जमास्तर

रेकॉर्ड आली पुस्तकांच्या गाडीतून.
कॅम्पात ताडपत्रीखाली रशियन पुस्तकं मांडलेली,
आणि पोरांच्या चित्रकथांच्या तळाशी
चौकोनी पुठ्ठ्यात हा माणूस:
पांढरे केस, काळा कोट, उजवा तळहात वर.
गाडीवाला म्हणाला, जॉर्जियाचा आहे, मोठा बँडमास्तर.
पाच रुपये.
यमनाप्पा वाजंत्रींनी आठ आण्यांसाठी घासाघीस केली
आणि त्याला सायकलच्या कॅरियरला बांधून
शहापूरला आणला.

आमचा बँड एकोणीस जणांचा.
लाल कोट, पितळी बटणं, निम्मी हरवलेली.
मी तिसरा क्लॅरिनेट, म्हणजे
पहिल्या दोघांचा दम संपला की ऐकू येतो तो.

पुठ्ठ्यावरची अक्षरं गोल,
कांडीवरून निसटलेल्या ओल्या सुताची वेटोळी.
ट्रम्पेटवाला भुजंग म्हणाला, कानडी आहे, मला नको दाखवू.
ढोलवाल्या सिद्रामनं पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला,
बराच वेळ बघितला.
इदु नम्मदल्ल, म्हणाला. आमचं नव्हे हे.
बोर्डांना डांबर फासायचे दिवस होते ते.
मास्तर म्हणाले,
मग भांडण मिटलं की. लाव.

दिवसा चारी बाजूंनी माग, काही ऐकू यायचं नाही.
लाइट गेली की माग गप्प,
पण मग रेकॉर्डप्लेयरही गप्प.
मागांच्या सुट्टीदिवशी तेवढं ऐकायचो,
कोटाच्या ट्रंकांवर बसून.
दुसऱ्या बाजूला एक जागा होती,
सगळी वाद्यं अचानक थांबायची, चार मात्रा काहीच नाही.
मास्तर बोट वर करायचे:
हे त्यानं वाजवलंय.

जॉर्जमास्तरांचं चरित्र त्यांनीच रचलं,
थोडं थोडं, तालमीत चहा येईपर्यंत.
बाप लग्नात शिंग फुंकायचा,
त्याला शेवटच्या पंगतीला बसवायचे.
पोरगा सातव्या वर्षी झांजेवर.
मग मिलिटरीचा बँड, मग मोठं शहर,
मग हाताखाली नव्वद माणसं,
सगळी खुर्चीवर बसून वाजवणारी.
बसून, म्हणून मास्तर इथं थांबायचे.
आम्ही आयुष्यात कधी बसून वाजवलं नव्हतं.
घोड्याच्या पुढं, गॅसबत्त्यांच्या मधे,
चिखल असो, नवऱ्याचा मामा पिऊन असो, चालत.

त्यांनी तो हात उचलला.
एका हातात मागाच्या फणीतली वेताची काडी,
दुसरा तळहात वर, बोटं जराशी अलग,
अगदी फोटोतल्यासारखा.
त्या हातावर आमच्या सगळ्या वराती सुटल्या,
वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, कणबर्गी.
त्या हाताला कोणी कधी विचारलं नाही
तू कुठल्या बाजूचा.

मग डीजे आला.
भुजंग पुण्याला वॉचमन.
मास्तर गेले तेव्हा वाजवायला आम्ही चौघंच जमलो,
आणि खांदे द्यायचे असल्यामुळं
वाजवलंही नाही.
रेकॉर्ड माझ्याकडं आली, कोटासकट.

परवा पुतणीनं मोबाइल पुठ्ठ्यावर धरला.
अक्षरं थरथरली आणि मराठी झाली, मोडकी:
वडील शाळाशिक्षक. लहानपणी व्हायोलिन.
एकवीस वर्षे एकच वाद्यवृंद.
दोन वर्षे काम नाही, कारण नाही.
शिंग नाही, पंगत नाही.
आणि फोटोखाली, बारीक अक्षरांत:
तालीम थांबवताना.

पुतणीला कळेना मी का हसतोय.
बावीस वर्षं तो बिचारा थांबा म्हणत होता
आणि आम्ही एकोणीस जण
छाती फुगवून सुरू होत होतो.

सिद्रामला सांगायला गेलो, दुसऱ्या गेटजवळ राहतो.
ऐकायला येत नाही आता त्याला.
मराठीत ओरडलो, कानडीत ओरडलो,
सून दारात येऊन बघून गेली.
शेवटी हात वर केला, फोटोतल्यासारखा.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
लुंगी सारखी केली
आणि मांडीवर ठेका धरला.