मठार

तांबट लेनमध्ये नवाच्या ठोक्याला ठोके सुरू होतात.
हेरंब हंड्याच्या पोटावर मठार मारत बसतो,
एकाला लागून एक, न मोजता मोजल्यासारखे.
तिरकं ऊन आलं की तांब्यावर
प्रत्येक ठोका वेगळा दिसतो.
गिऱ्हाईक त्याचेच तर जास्त पैसे देतं.

माझ्या अंगावरचे ठोके कोणी मारलेले नसतात.
कपाटाचा कोपरा, सिटी बसमधला दांडा,
मैथिलीनं झोपेत टाकलेला पाय.
कधी तेवढंही नाही. उठून बघावं
तर मांडीवर जांभळाएवढा डाग
आणि पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके,
कुणी लांबून कुंकवाची डबी झटकल्यासारखे.

लोखंडेबाईंनी जिन्यात हात धरून विचारलं,
"मारतो का गं?"
नेमका तेव्हाच खाली हातोडा वाजत होता.
मला हसू आलं.
त्यांना ते रडण्याच्या आधीचं वाटलं.
तेव्हापासून हेरंब चारचौघांत
माझ्यापासून हातभर लांब बसतो.
हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

सात वर्षं झाली.
जिथं दीड लाख हवेत तिथं नऊ हजार निघाले.
लॅबमधल्या जुबेरला वाटलं मशीनच बिघडलं.
त्यानं पुन्हा टोचलं, आणि मग अर्धा तास
माझ्या दंडावर कापूस दाबून बसून राहिला,
त्याच्या हरवलेल्या सायकलीची गोष्ट सांगत.

डेंग्यू का? सगळे विचारतात.
पपईच्या पानांचा रस घे, किवी खा, शेळीचं दूध.
नाही हो, डास नाही चावला.
माझंच रक्त माझ्याच पेशींना ओळखेनासं झालंय,
आणि माझीच पानथरी त्यांना गिळते.
पानथरी. किती थंड शब्द,
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या विड्यासारखा.
गंगापूर रोडचे डॉक्टर म्हणतात,
काढून टाकावी लागेल कदाचित. पुढं बघू.
पुढं बघू, हे मी सकाळ-संध्याकाळ
जेवणानंतर घेते.

स्टेरॉइडचे महिने वेगळे.
तोंड परातीएवढं, रात्री तीनला भाकरी आणि ठेचा,
चमचा पडला तरी घरभर आरडाओरडा, माझाच.
"छान भरलीस हो," लग्नात मावशी म्हणाल्या.
डोस उतरला की ती भरलेली बाई निघून जाते,
गुडघे तेवढे मागे ठेवून.

विळी माळ्यावर गेली. ब्रश लहान मुलांचा.
डोकं दुखलं तर आधी गप्प बसून बघायचं
की नुसतंच दुखतंय ना.
पाळीच्या चार दिवसांत घराबाहेरचं काहीच ठरवायचं नाही.
मैथिली कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
माझे आकडे लिहिते, पेन्सिलीनं,
बावीस, एकेचाळीस, अठरा.
खोडायला सोपं जातं म्हणते.
आजवर एकही खोडलेला नाही.

रंगपंचमीला रहाड उघडली.
वर्षभर ज्या मातीवरून आपण भाजी आणायला जातो
तिच्याखाली एवढा हौद असतो, दरवर्षी नवल वाटतं.
पोरं धप्पा मारत होती, भिंतीएवढं पाणी उसळत होतं.
मी गॅलरीत. आकडा सव्वीस.
हेरंब वर आला तो कानाच्या पाळीपासून
पायाच्या नखापर्यंत पिवळा.

रहाडीचा रंग आठवडाभर जात नाही.
दुसऱ्या दिवशी रविवार कारंजावर
दुकानदार, रिक्षावाले, बँकेतला कॅशियर,
सगळ्यांच्या अंगावर डाग.
मी आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला होता.
कुणी बघितलं नाही, किंवा बघून
आणखी एक रंगलेली बाई म्हणून पुढं गेले.
हेरंब शेजारून चालत होता,
अगदी शेजारून,
खांदा लागेल न लागेल असा.

घरी मैथिली कोपर घासत बसलेली.
"जातच नाही गं आई."
घासू नकोस म्हटलं, आपोआप जातो.
"तुला काय माहीत?"

सोमवारी रक्त द्यायचंय.
डाव्या हाताची शीर हल्ली लपून बसते.
जुबेर म्हणतो, सापडेल,
तुम्ही मूठ आवळा.